नेमूअण्णा, माश्या जुन्या जागी आल्यात

अण्णा, दहाव्या दिवशी मी तुमच्या घरी दहीभाताचा डबा घेऊन आलो होतो. कावळ्यासाठी.

हसा आता. तुमचं हसणं मला पाठ आहे. आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा, लांबून स्टेशनात गाडी शिरावी तसा.

सुशीलावहिनी दारातच होत्या. डबा बघून त्यांना वाटलं, मी घरनं जेवण बांधून आणलंय. "आवं भाऊजी, आमच्याकडं जेवाण मिळत न्हाई व्हय?" मी अगदी गंभीर तोंड करून डबा पुढं धरला आणि म्हणालो, "कावळ्याला." त्या डब्याकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यात न्हाई हे करत. जीव गेला की गेला त्याच्या वाटंनं. भातासाठी कुटं थांबतोय त्यो."

इतकी वर्षं तुमच्या पंगतीला बसलो. दिवस मावळायच्या आत जेवून, मग रात्री माझ्या पिशवीतला चिवडा तुमच्यापासून लपवून खाल्ला. तुम्ही जैन आहात हे माझ्याइतकं माझ्या पोटाला माहीत. तरी आलो भात घेऊन. आमच्या कोरेगावात माणूस गेलं की हेच करतात, म्हणून हात आपोआप डब्याकडं गेला. परत जाताना सांगली स्टेशनच्या बाकावर बसून तो भात मीच खाल्ला. समोर पत्र्यावर एक कावळा येऊन बसला होता. चांगला जाडजूड, माझ्याकडंच बघत. त्याला शीतभरसुद्धा दिलं नाही. तुमच्या घराण्याचा मान राखला.

पण खरं सांगू? कावळा मला पाहिजे होता. आमच्यात कावळा शिवला नाही की लोक त्याच्यापुढं हात जोडून बोलतात. पोरीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, काय मनात राहिलं असेल ते पुरं करू. मला तुम्हाला कसलं वचन द्यायचं नव्हतं. मला विचारायचं होतं. तुमच्याकडं माझं एक उत्तर राहिलंय, आणि तुमच्या धर्मानं मला विचारायला पक्षीसुद्धा ठेवला नाही.

तुमची माझी ओळख कशी झाली ते तुम्ही आपल्या मधमाशीवाल्यांच्या मंडळात दर नव्या माणसाला सांगायचा, मीठमिरची लावून. आता सांगायला तुम्ही नाही, तर मीच सांगतो. कमी लावीन असं नाही.

शिरवळच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं, स्टोअरमध्ये, नटबोल्ट देण्याघेण्यात. रिटायर होऊन कोरेगावला घरी बसलो तर महिन्याभरात बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर काहीतरी बघा. दिवसभर माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघता." मला साखर आहे. झाकणं का उघडतो ते तिला बरोबर कळलं होतं. त्यात कुणीतरी सांगितलं की सातारा-सांगलीकडचे मधमाश्या पाळणारे लोक महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी रानात जमतात. मी माश्यांसाठी गेलो नाही, अण्णा. मधाला गेलो. डॉक्टरनं साखर बंद केली होती, मधाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तो रविवार तुमच्या रानात होता. कृष्णेच्या अलीकडं तुमचा कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट, पांढऱ्या गोंड्यांनी भरलेला, आणि विहिरीजवळ शेवग्याखाली तीन पेट्या. मी कंपनीनं निरोप समारंभाला दिलेला काळा टी-शर्ट घालून आलो होतो आणि गुळगुळीत दाढी करून गालाला वासाचं पाणी थापलं होतं. नव्या लोकांत जायचं म्हणून. काळा रंग आणि उग्र वास, माश्यांना ज्या दोन गोष्टींचा राग येतो त्या दोन्ही मी अंगावर घेऊन तुमच्या पेटीचं दार बघायला वाकलो. पहिली नाकावर बसली. दुसरी कुठं ते कळायच्या आत मी कांद्यातून पळत सुटलो आणि पाण्याच्या पाटात आडवा झालो.

बाकीचे हसत होते. तुम्ही चालत आलात, घाई न करता. तुमच्या हातात एसटीचा पास होता. "चिमटीत धरू नका," म्हणालात. "दाबलं की इख आत जातंय. खरवडायचं." पासाच्या कडेनं माझ्या नाकावरचा काटा काढला. मग पाटाच्या कडेला बसून त्या मेलेल्या माशीला पानावर घेतलंत. "डंख मारला की मरती ती. तुमच्या त्या सेंटापायी गेली बगा."

माझं नाक वांग्याएवढं झालं होतं आणि तुम्हाला माशीचं वाईट वाटत होतं. तेव्हाच मनात म्हणालो, हा माणूस येडा आहे. पुढच्या रविवारी परत आलो.

नुसता आलो नाही, बाटली घेऊन आलो. उपकार फेडायचे म्हणून बाजारातली चांगली, सोनेरी झाकणाची मधाची बाटली, वर लाल कागद. वहिनींच्या हातात दिली. त्यांनी ती अशी धरली, जसं कुणी चुकून दुसऱ्याचं मूल हातात दिलंय. तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं. मग ते खांदे हलायला लागले.

"इलासराव, आमी मध खात न्हाई."

"साखर आहे?"

"न्हाई वो. जैन हाय आमी."

मला काय कळेना. मध खात नाही आणि दारात पेट्या! मी विचारलंच, मग पाळता कशाला? तुम्ही म्हणालात, "तुमी बैल पाळता ते खायला व्हय?"

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटच्या फोनपर्यंत. मी म्हणायचो, अण्णा, पेट्या भरून वाहतायत, थोडा काढला तर काय बिघडलं? जागा झाली तर माश्या राहतील तरी. तुम्ही काढत नाही म्हणून दरवर्षी निम्म्या थवा करून उडून जातात. तुम्ही म्हणायचा, "जाऊ द्या की. कुणाच्या तरी रानात जातील." मी म्हणायचो, हा आळस आहे, धर्म नव्हे. तुम्ही म्हणायचा, "तुमी काढता त्यो उद्योग, का जिभंचा नाद?" यावर मंडळातले सगळे माझ्याकडं बघायचे, कारण माझी तपासणी त्याच आठवड्यात झालेली असायची.

मीही सोडायचो नाही. पेटीतल्या पोळ्याच्या चौकटींत मेणकिडा लागला की तुम्ही त्याच्या अळ्या चिमट्यानं एकेक उचलून बांधावर पानावर नेऊन ठेवायचा, पाखरं टपून बसलेली असायची तिथं. मी म्हणालो, ही अहिंसा कसली? तुम्ही फक्त ताट वाढून देताय. "मी उचलून ठिवली. पुढचं चिमणी बघंल." तुम्हाला स्वतःलाच ते पटलेलं नसायचं. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ते बघायला मी तो विषय दरवेळी काढायचो. आणि माश्या तुम्हाला ओळखतात, असं तुम्ही शिरा ताणून सांगत होता, नेमकं त्याच वेळी एकीनं तुमच्या भुवईवर डंख मारला, तेही बऱ्याच नव्या लोकांसमोर. "वळखूनच मारला," म्हणालात. हार मानायची नाही.

तुम्ही एका कांद्याच्या गोंड्याला जुन्या धोतराच्या फडक्याची पिशवी बांधली होती, मला दाखवायला. आसपासचे गोंडे उघडे, हा एकटा झाकलेला. माशी आत जाऊ नये म्हणून. काढणीला दोन्ही गोंडे माझ्या तळहातावर चोळलेत. उघड्यातनं काळं बी सांडलं. झाकलेल्यातनं फुंकरीनं उडणारी फोलपटं. "बाजारात ह्याला कोण इचारतंय? हे सगळं रान तिच्या पायावर हुबं हाय," म्हणालात. "मध तिचा तिला ऱ्हाऊ द्या. मला माझं मिळालं." तो पोकळ गोंडा मी खिशात घालून कोरेगावला आणला. कपाटात आहे. हात लावला की चुरा होतो, म्हणून लावत नाही.

एवढं सांगूनही मी काय केलं? तुम्हाला ठाऊक आहेच, तरी सांगतो. मंडळानं मला पहिली पेटी दिली. तिचा मध मी पावसाआधी काढला. सगळा. पावसाळ्यात माश्यांना बाहेर फूल मिळत नाही, त्यांनी तो त्याच दिवसांसाठी साठवलेला असतो, हे मला मंडळात चार वेळा सांगितलं होतं. चारही वेळा मी मान हलवली होती. बाटल्या भरल्या, शेजारीपाजारी वाटल्या. घरातली बाटली मात्र आपोआप कमी होत गेली. कशी ते घरात कुणाला कळलं नाही. रक्ताच्या रिपोर्टला कळलं.

श्रावणात पेटीचं झाकण उघडलं तर माश्या चौकटीवर जागच्या जागी बसलेल्या. उडायचं त्राण नाही. तळाला मेलेल्यांचा सडा. मी तुम्हाला फोन केला. आवाज फाटला असावा माझा. तुम्ही एवढंच म्हणालात, "थांबा. येतो."

सांगलीहून पॅसेंजरनं आलात, मांडीवर लोखंडी डबा. डब्यात तुमच्या पेटीतली एक चौकट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मधानं जड. जो मध तुम्ही जन्मात चाखला नाही तो तुम्ही भरल्या पावसात, गर्दीत, पोरासारखा मांडीवर घेऊन आलात. वाटेत डब्यातनं एक माशी निघाली म्हणे. तुम्ही सगळ्या माश्या झटकल्या होत्या, ही कुठंतरी कोपऱ्यात राहिली. गाडीतले लोक बाकावर चढले. एका बाईनं तुम्हाला खाली उतरायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ती काय करत न्हाई वो, माझ्याबरूबर हाय." मग तिला तळव्याखाली धरून कोरेगावपर्यंत आणलंत.

चौकट माझ्या पेटीत ठेवलीत. झाकण ठेवायला तुम्ही नेहमी एवढा वेळ लावायचा की माझे पाय अवघडायचे. एकही माशी कडेखाली चिरडायला नको. फुंकर मारायची, थांबायचं, परत फुंकर. त्या दिवशी मी गप्प उभा राहिलो. मग ती तुमची एकटी माशी तुम्ही दारात सोडलीत. मी म्हणालो, परक्या घरात घेतील का तिला? "रिकामी आली तर हाकलत्यात. पोट भरून आलीया, घेतील. कुठली ते कोण इचारत न्हाई मग." ती आत गेली. मी रिकाम्या हातानं, गालाला वास लावून तुमच्या मंडळात शिरलो होतो. मला कुणी हाकललं नाही. ते तेव्हा मनात आलं होतं, बोललो नाही.

चहा पिताना तुम्ही सारखे पेटीच्या दाराकडं बघत होता. मी विचारलं, काय झालं? "ती आता माघारी याची न्हाई," म्हणालात. "लय लांब आणली तिला. एवढ्या लांबनं वाट कळत न्हाई त्यास्नी." आणि मग मला नीट समजावलंत. पेटी हलवायची तर रोज हातभर सरकवायची, नाहीतर थेट दोन-चार गावं ओलांडून न्यायची. थोडी लांब नेली तर पेटी नव्या जागी आणि माश्या जुन्या जागी. घर सापडत नाही, रात्री गारठून मरतात. "मधलं अंतर लय वंगाळ, इलासराव. ध्यानात ठिवा." मी मान हलवली. माझ्या मान हलवण्यावर तुम्ही कसा विश्वास ठेवलात?

शेवटचा फोन बुधवारी झाला. तुमच्या पेट्यांवरचे मधाचे मजले काठोकाठ भरले होते, तुम्ही खुशीत होता. मी नेहमीसारखा चिडवत होतो. मग एकाएकी, का कुणास ठाऊक, मी खरंच विचारलं. चिडवायला नाही. म्हणालो, अण्णा, इतकी वर्षं बोटाला मध लागतो, नाकाखालनं जातो, तुम्हाला एकदाही वाटलं नाही चाखून बघावा? तुमच्या बाजूला मोटारीचा आवाज येत होता. मग खांदे हलल्यासारखं वाटलं, पण आवाज आला नाही. "रविवारी या. सांगतो."

शुक्रवारी दुपारी विहिरीवर गेलात, मोटार बंद करायला. तिथंच बसलात म्हणे. छातीत कळ आली असणार. वहिनी बघायला गेल्या तेव्हा मोटार चालूच होती.

रविवारी मी आलो, पण खांदा द्यायला शनिवारीच येऊन गेलो होतो. रविवारी का आलो, ते विचारू नका. सांगितलं होतंत म्हणून आलो. शेवग्याखाली बसलो, माश्यांची ये-जा चालली होती, तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं त्यांचं. संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत गेलो.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या तीन पेट्यांची. ही ऐकताना हसू नका, कारण मलाही येत नाही.

दहाव्या दिवशी, डब्याचा तो तमाशा झाल्यावर, वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्या पेट्या तेवढ्या न्या. रान खंडानं दिलंय पोरानं. घेणारा द्राक्षं लावणार, रोज औषधं मारणार. ह्यांच्या माश्या माझ्या डोळ्यांदेखत नको मराया." पोरगा पुण्याला, त्याची नोकरी तिथं, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. वहिनी आयुष्यभर विहिरीच्या पुढं पेट्यांकडं गेल्या नाहीत, माशीला घाबरायच्या. तरी त्या शब्दांत काय होतं ते मला कळलं. मी छाती पुढं काढून म्हणालो, माझ्यावर सोपवा.

कोरेगावला न्यायला गाडी मिळेना. आपल्या मंडळातला कालव्यापलीकडचा दत्तू म्हणाला, माझ्याकडं आंब्याखाली ठेवा, जागा झक्क आहे. पुढच्याच आठवड्यात, दिवस मावळताना दारं ओल्या फडक्यानं बंद करून आम्ही दोघांनी पेट्या हातगाड्यावरून नेल्या. दत्तू वाटेत म्हणालासुद्धा, "काका, जवळ न्हाई का हुईत?" आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "अरे, मधे कालवा आहे की!"

कालवा, अण्णा. जणू तुमच्या माश्या पोहून येणार होत्या.

रात्री दत्तूकडंच झोपलो, सकाळी उठून दारं उघडली. माश्या भराभर बाहेर पडल्या, मी समाधानानं चहा घेतला. बारा वाजायच्या सुमारास वहिनींचा फोन आला. "भाऊजी, कुटं हायसा? या बघू हिकडं लगेच."

मी कालवा ओलांडून गेलो. शेवग्याखाली पेट्या ठेवायच्या तीन घोड्या रिकाम्या उभ्या होत्या, पायांखाली मुंग्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या. आणि पेटीचं दार जिथं असायचं, बरोबर तेवढ्या उंचीवर, हवेत माश्या तरंगत होत्या. तिथं काही नव्हतं. पुढं जायच्या, मागं यायच्या, परत तिथंच. कितीतरी घोडीच्या लाकडावर बसल्या होत्या. शेजारच्या रानातनं सूर्यफुलाच्या पिवळ्या परागाचं ओझं पायांना बांधून आल्या होत्या आणि ठेवायला जागा नव्हती.

वहिनी डोक्यावर पदर घेऊन हातभर अंतरावर उभ्या होत्या. हातभर. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ओझं घिऊन आल्यात वो. उतरवू कुटं, उतरवू कुटं, असं करायल्यात."

मी कावळ्याची वाट बघितली होती. माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं, की हे अण्णांचं काहीतरी राहिलंय. क्षणभरच. मग तुमचा आवाज ऐकू आला, मधलं अंतर लय वंगाळ, आणि मी त्या रिकाम्या घोडीपुढं उकिडवा बसलो. यात तुमचं काही राहिलं नव्हतं. माझं डोकं राहिलं होतं कोरेगावात.

वहिनींना सांगितलं, माझी चूक झाली. संध्याकाळी तिकडच्या माश्या आत गेल्या की पेट्या परत आणतो. त्या म्हणाल्या, "तवर ह्या काय करतील?" त्यांनी घरातनं परात आणली, पाणी भरलं, त्यात चार काटक्या टाकल्या, माश्यांना बसायला. मग तिथंच खाली बसल्या. दुपारभर. कोणी बुडाली तर काटकी पुढं करायच्या. अण्णा, तुमच्या बायकोला मी मधमाशीपासून पळताना किती वेळा पाहिलंय.

दिवस कलला तशी मी म्हणालो, वहिनी, जेवून घ्या, मावळायला आलं. "ह्या आत गेल्याबिगर न्हाई." आम्ही पेट्या आणल्या तेव्हा उजेड जेमतेम राहिला होता. तीन घोड्यांवर माश्यांचे गोळे झाले होते, गारठून एकमेकींना धरून. पेट्या ठेवल्या, दारं उघडली. आधी एक गेली, मग रांग लागली. सावकाश, चालत. अंधार पडेपर्यंत ती रांग चालली होती. त्यानंतर तुमच्या घरात काही तोंडात घालत नाहीत. वहिनी त्या दिवशी उपाशी झोपल्या. मी परसात जाऊन पिशवीतला चिवडा खाल्ला.

सकाळी त्यांनी पोराला फोन लावला. मी तिथंच होतो. "विहिरीकडचा पट्टा खंडात न्हाई. शेवगा बी न्हाई. आणि त्याला सांग, औषध मारायचं आसंल तर आदल्या दिवशी मला सांगायचं, मी दारं लावीन." तो काहीतरी म्हणाला असणार. त्या म्हणाल्या, "मी लावीन म्हणतीया की."

तुम्हाला वाटेल, मग सगळं नीट झालं. नाही झालं. मधल्या पेटीची राणी हलवाहलवीत गेली. माझ्याच हातून चिरडली असणार, मी झाकण घाईनं ठेवतो, तुम्ही हजारदा सांगितलंत. हळूहळू ती पेटी रिकामी झाली. तिच्यात आता मेणकिडा आहे. अळ्या मी मारत नाही, चिमट्यानं काढून बांधावर ठेवतो. आणि त्या वेळी माझ्याच कानाच्या पाळ्या गरम होतात.

घेणारा औषधाचं आदल्या दिवशी सांगतोच असं नाही. दोन पेट्या आज आहेत. पुढच्या हंगामाला असतील का, मला माहीत नाही.

दर रविवारी येतो मी. मंडळातल्यांना वाटतं, तुमच्या पेट्या सांभाळायला येतो. मागच्या रविवारी शेवग्याकडची पेटी उघडली. वरचा मजला भरून मेणाची झाकणं लागली होती, चौकट उचलताना एक कड तुटली आणि माझ्या बोटावरनं मध ओघळला. तुमच्या माश्यांचा, सूर्यफुलाचा असावा, दाट. आठवतं, असं झालं की तुम्ही मला काय करायला लावायचा? धुवायचं नाही, पुसायचं नाही. बोट पेटीच्या दारात धरायचं आणि थांबायचं. "हलू नगा. तिचं हाय, तिला घिऊ द्या." माश्या येऊन बोट चाटून स्वच्छ करायच्या. आणि तुम्ही पाठ फिरवली की मी उरलेलं चाटायचो. तुम्हाला कळायचं. पाठ तुम्ही जरा जास्तच वेळ फिरवायचा.

कोणी बघत नव्हतं. डॉक्टर साताऱ्याला, बायको कोरेगावला, तुम्ही नाहीच. बोट तोंडाजवळ नेलं. वास आला. इतकी वर्षं भांडलो त्याच्यावरनं.

मागनं वहिनी आल्या होत्या. परात भरायला. मी बोट खाली घेतलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "वहिनी, अण्णांना कधी वाटलं नाही का, एकदा चाखावा?"

त्या परातीतलं पाणी हातानं हलवत राहिल्या. "मला बी इचारायचं हुतं," म्हणाल्या. "ऱ्हाऊन गेलं."

मग त्या खाली बसल्या. त्या तुटक्या कडेवरचा एक थेंब त्यांनी आपल्या बोटाच्या टोकावर घेतला आणि पेटीच्या दारात धरला. मीही माझं बोट शेजारी धरलं. माश्या आधी त्यांच्याकडं गेल्या. एक, मग तीन. माझ्या बोटाकडं बराच वेळ कोणी आलं नाही. हाताला बहुतेक अजून साबणाचा वास असेल. शेवटी एक आली, उशिरा, बारीक. तिची जीभ लागली तसं माझं बोट हललं.

तुम्ही असताना वहिनी कधी पेट्यांपाशी आल्या नव्हत्या, अण्णा. तुम्ही मला तिथं काय सांगायचा ते त्यांनी कधी ऐकलं असेल, मला माहीत नाही. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हलू नगा, भाऊजी. तिचं हाय. तिला घिऊ द्या."